सीटच्या चार खाचा

शुक्रवार, ६ सप्टेंबर २०२४, रियाध
किलोमीटर: २,८७,४१२

आजपासून गाडीची वही. प्लँटवरच्या एकेका पंपाची नोंद मी तासातासाला लिहून घेतो, नाही लिहिली तर समोरच्याला फाडून खातो, आणि घरच्या गाडीची कुठे एक ओळ नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

तर गाडी: बीएमडब्ल्यू फाइव्ह थर्टी फाइव्ह, मॉडेल १९९१, गडद निळी, स्टिअरिंग डावीकडे, पाच गिअर, हाताने टाकायचे. हाताच्या गिअरची असली गाडी या देशात शोधून सापडत नाही. सहा वर्षांपूर्वी हुफूफच्या अबू फहदकडून घेतली. म्हाताऱ्याने चावीबरोबर खजुराची एक पेटी दिली आणि म्हणाला, एकदा हिला घेऊन ये, मला दाखव. मी इन्शाल्ला म्हणालो आणि विसरलो. आता तो ऐंशीच्या पुढे गेलाय. परवा त्याच्या मुलाचा फोन आला, बाबा विचारतात, निळी आहे का अजून? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हणून ठरवलं. डिसेंबरात आमची लेक तन्वी पुण्याहून सुट्टीला येईल. तिला विमानतळावरून याच गाडीने आणायचं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं हुफूफला. सव्वातीनशे किलोमीटर. चालवणार मी, दुसरं कोण? आमची सौ. सुनीती म्हणाली, "मी नाशिकला बाबांची जीप चालवायचे." म्हटलं, जीप वेगळी, ही वेगळी. या गाडीच्या स्टिअरिंगला सहा वर्षांत माझ्याशिवाय कोणाचा हात लागलेला नाही आणि लागणारही नाही.

तोवरची कामं: रेडिएटरचे पाइप, मागचे शॉक, हेडलाइट. हेडलाइट फारच मंद झालेत. सुनीती म्हणते तिच्या बाजूच्या सीटमध्ये काहीतरी टोचतं. ओरिजिनल लेदर आहे, तेहतीस वर्षांचं, थोडं टोचणारच. यादीत घेतलेलं नाही.

शनिवार, १४ सप्टेंबर
किलोमीटर: २,८७,४७१

सगळा दिवस अल सुलैला कादिरच्या वर्कशॉपमध्ये. कादिर गुलबर्ग्याचा, वीस वर्षं इथे आहे, हात सोन्याचा पण तोंड फार. रेडिएटरचा वरचा पाइप मागवला तर आला भलत्याच मॉडेलचा. डब्यावर नंबर बरोबर, आत माल दुसरा. चार तास पत्र्याखाली बसून मी स्वतःचाच रेडिएटर करून घेतला. शेवटी भंगारवाल्यांच्या आळीत, इथे तिला तशलीह म्हणतात, तिथे एका मेलेल्या गाडीवरून पाइप काढला.

हेडलाइटला बॅटरीपासून थेट जाड वायर टाकून घेतली, रिले बसवला, नवे बल्ब. कादिरने मीटर लावून दाखवला, "साब, वोल्टेज पूरा है. लाइट में कुछ नै हुआ." मग मला रस्ता का दिसत नाही? परत येताना समोरच्या प्रत्येक गाडीच्या दिव्याभोवती भलं मोठं वलय. हवेत धूळ असते या दिवसांत.

घरी येऊन बडबडलो तर सुनीती भाजी चिरता चिरता म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं." कादिरबद्दलच म्हणाली असावी.

रविवार, २९ सप्टेंबर
किलोमीटर: २,८७,५०३.६

हे काय आता? काल लावली तेव्हा बरोबर ५०३ होते. मी रोज पहाटे साडेपाचला कंपनीच्या बसने जातो, संध्याकाळी येतो, गाडी शेडखाली असते. उभ्या गाडीने सहाशे मीटर कापले? ओडोमीटरचा गिअर घसरतोय, नक्की.

ता. क. माझ्या ड्रायव्हिंग लायसन्सची मुदत डिसेंबरात संपतेय. डोळ्यांची तपासणी करून मग ऑनलाइन. अजून वेळ आहे.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

आज दोन भानगडी.

एक: डावा आरसा खाली झुकतो. मी वर करतो, पुन्हा खाली. आरशातून मागचा रस्ता दिसायच्या ऐवजी मागचं चाक दिसतं. आरशामागची मोटर ढिली झाली असणार. उघडली, साफ केली, ग्रीस लावलं. मोटर ठणठणीत.

दोन: सीट पुढे सरकते. बसायला गेलो तर गुडघा दाणकन स्टिअरिंगवर! मोजून चार खाचा पुढे. सीटखालच्या रेलला दात असतात, त्यात खटका अडकतो. दात झिजले की सीट घसरते. पण घसरली तर ब्रेक मारल्यावर घसरावी, उभ्या गाडीत कशी घसरते? जमिनीला उतार आहे का म्हणून शेडमध्ये पाणी ओतून बघितलं. शेजारचे लोक खिडकीतून बघत होते. बघू देत.

सुनीतीला सांगितलं. ती म्हणाली, "अगंबाई, हो का?" आणि आत गेली. हिला यंत्रातलं काडीचं कळत नाही, सांगून उपयोग नाही. हल्ली दुपारच्या ड्यूटीआधी ती सुरैयाबरोबर चालायला जाते. सुरैया तिच्याच वॉर्डातली नर्स, स्वतःची गाडी चालवत येते आणि हिला घेऊन जाते. चालायला गाडीने जायचं! पण मी काही बोललो नाही.

रविवार, २० ऑक्टोबर
किलोमीटर: काल रात्री २,८७,५९०. आज संध्याकाळी २,८७,६०४.

चौदा! एका दिवसात चौदा किलोमीटर! आणि हँडब्रेक असा ओढलेला की दोन हातांनी सोडावा लागला. मी तीन दातांच्या वर कधी ओढत नाही, केबल ताणते.

कादिरला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "साब, घर में और कोन चलाता?" मी म्हटलं, कोणी नाही, चावी माझ्याजवळ, दुसरी देवाच्या कपाटातल्या डब्यात. तो म्हणाला, "तो फिर भगवान चलाते होंगे." फाजील माणूस.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

ओडोमीटर उघडला. मोबाइलच्या नकाशाशी ताडून पन्नास किलोमीटर चालवला. फरक शून्य. म्हणजे चालत्या गाडीत बरोबर मोजतो आणि उभ्या गाडीत चुकतो. तेहतीस वर्षं मी इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये आहे, असलं सोंग बघितलं नाही.

सीटचा मात्र कायमचा बंदोबस्त केला. कादिर नको नको म्हणत होता. "बोल्ट नक्को मारो साब, रेल अच्छी है." त्याचं ऐकलं नाही. रेलला भोक पाडून माझ्या मापाला दहा मिलिमीटरचा बोल्ट आरपार, वर लॉकनट. आता सरक म्हणावं! गेली उडत.

ही वही पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीची घ्यायची. ओळी फार फिक्या छापल्यात, अक्षर खालीवर होतं.

शुक्रवार, १ नोव्हेंबर. लक्ष्मीपूजन.

गाडीला हार, नारळ, हळदकुंकू. तन्वी व्हिडिओवर होती. म्हणाली, "बाबा, सीरियसली, गाडीची पूजा करता, स्वतःचा चेकअप केला का?" आईने चढवलेलं, दुसरं काय! सुनीतीने सणाच्या दिवशी माझं बोट टोचून साखर बघितली. दोनशे अठ्ठ्याहत्तर. ते मशीनच जुनं झालंय. तिला तसं सांगितलं तर एकदम भडकली. "अहो, सगळ्या जगातली यंत्रं बिघडली आणि तुम्ही एकटे बरोबर? अकरा वर्षं साखर आहे तुम्हाला. रोज वॉर्डात बघते मी, डोळे गेलेली माणसं. एकदा, फक्त एकदा डोळे दाखवा!"

सणासुदीला असलं बोलायचं? मी दोन बेसनाचे लाडू मुद्दाम तिच्यासमोर खाल्ले.

तिने निळी उशी गाडीत ठेवलीय, दिवाणखान्यातली. विचारलं तर म्हणाली पाठीला घेते. बरोबर आहे, तिची सीट टोचते. पण मग उशी माझ्या सीटवर का पडली होती? विचारायचं राहिलं.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

लिहायचं नव्हतं. पण नोंद म्हणजे नोंद.

मगरिबची, सूर्यास्ताची अजान होऊन गेली होती, अल सुलैहून येत होतो, सुनीती शेजारी. गोदामांचा रस्ता, दिवे लांब लांब. सुनीती किंचाळली, "अहो!" मी ब्रेकवर उभाच राहिलो. गाडी आडवी झाली. पुढच्या बंपरपासून दोन हातांवर एक माणूस, बंद पडलेली डिलिव्हरीची मोटरसायकल ढकलत चाललेला. त्याने अंगात चमकणारं पिवळं जाकीट घातलं होतं.

मला तो दिसलाच नाही.

तो बिचारा मलाच म्हणाला, "खलास, खलास, माफी मुश्किला." म्हणजे झालं, काही हरकत नाही. सुनीतीने उतरून त्याला पाणी दिलं, त्याची मोटरसायकल कडेला लावायला मदत केली.  मी ओरडा खायच्या तयारीत होतो, पण घरी येईपर्यंत ती ओरडली नाही, ते जास्त लागलं.  त्याच्या घरी कोण कोण असेल?

काच. पुढची काच तीस वर्षं वाळू खाऊन घासली गेलीय. समोरून उजेड आला की पांढरी होते. काच बदलायची.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर
किलोमीटर: २,८७,९६१

पुढची काच आली, पहिली तडकलेली, परत केली. दुसरी आली, तिचं रबर आलं नाही. रबर आलं तर एक बोट आखूड. आज सात तास लागले. कादिरने बसवली, कोरड्या फडक्याने पुसली, समोर बोट करून म्हणाला, "साब, वो सामने बोर्ड पढो."

मी म्हटलं, कुठला बोर्ड?

तो हात पुसत राहिला. मग म्हणाला, "साब, मेरे अब्बा को भी शुगर था." मी म्हटलं, तुझ्या अब्बांचं काय मध्येच? आणि निघालो. नवीन काचेतूनही धुरकट दिसतं. आतून काहीतरी थर असेल. मी स्पिरिटने पुसली. तीनदा पुसली.

रात्री झोपेत ते पिवळं जाकीट येतं.

मंगळवार, ३ डिसेंबर

तन्वी एकोणीसला येतेय. अबू फहदच्या मुलाला कळवलं, वीस तारखेला येतो, निळी घेऊन. म्हातारा फोनवर आला आणि इतका हसला की मला रडू फुटायचं बाकी राहिलं.

परवा रजा घेऊन डोळ्यांची तपासणी उरकतो, मग लायसन्स. दोन मिनिटांचं काम. सुनीतीची सुट्टी आहे, ती येते म्हणाली. कशाला? पण येते म्हणाली.

गुरुवार, ५ डिसेंबर

जसं झालं तसं लिहितो.

दवाखान्यात तक्ता होता, उलटसुलट वळलेल्या E चा. ज्या बाजूला तोंड असेल तिकडे हात दाखवायचा. वरचे दोन मोठे दाखवले. मग तंत्रज्ञाने काठी खाली नेली आणि मला सगळे चौकोनी डाग दिसायला लागले. मी आपला दाखवत गेलो. उजवीकडे, खाली, वर. तो म्हणाला, पुन्हा. पुन्हा दाखवलं. त्याने दुसरा डोळा झाकला आणि डाव्या डोळ्याने तर तक्ताच गेला.

मी म्हटलं, "तुमच्या तक्त्यामागचा दिवा मंद आहे. व्होल्टेज तपासून घ्या."

खोलीत माझा आवाज मला ऐकू आला. वळून सुनीतीकडे बघितलं, तर तिने तोंडावर ओढणी धरली होती. हेडलाइट, बल्ब, वायर, काच, वहीच्या ओळी, साखरेचं मशीन. आणि आता हा दिवा. तीन महिने मी दिवेच बदलत होतो.

डॉक्टरांनी थेंब न टाकताच भिंगातून बघितलं. दोन्ही पडद्यांवर साखरेने रक्ताचे ठिपके, डाव्यावर सूज. सविस्तर तपासणी मोठ्या हॉस्पिटलात. लेझर करावं लागेल, आहे ते टिकेल, थोडं सुधारेलही कदाचित. तोवर गाडी चालवायची नाही. लायसन्सच्या कागदावर त्यांनी जे लिहिलं ते मला वाचता आलं नाही, पण काय लिहिलं ते कळलं.

पार्किंगमध्ये मी टॅक्सी बघायला लागलो. सुनीती म्हणाली, "टॅक्सी कशाला?" आणि पर्समधून एक कार्ड काढून माझ्या हातात दिलं. जवळ धरलं, लांब धरलं, उन्हात धरलं. तिचा फोटो आहे एवढं दिसलं.

"लायसन्स आहे," ती म्हणाली. "सौदीचं. सोळा ऑक्टोबरला मिळालं. सुरैयाने शाळेत नाव घालून दिलं. टेस्टला ऑटोमॅटिक होती. ही मी कंपाउंडमध्ये फिरवून शिकले, आधी सहाशे मीटर."

"आणि ते चौदा?"

"हॉस्पिटलपर्यंत सराव, ड्यूटीच्या आधी. सात जायचे, सात यायचे."

ती ज्या हॉस्पिटलात नोकरी करते, ते सात किलोमीटरवर आहे हे मला माहीत नव्हतं का? होतं. आरसा खाली, कारण ती बुटकी. हँडब्रेक करकचून, कारण घाबरलेली. सगळी रीडिंग बरोबर होती आणि मी मीटर उघडून बसलो होतो.

"मला विचारायचं तरी," मी म्हटलं.

"विचारलं असतं तर दिली असतीत चावी?"

मी कार्ड परत तिच्या हातात दिलं.

"तुम्ही डोळे दाखवणार नव्हतात. मी काय करायचं होतं? त्या हुफूफच्या रस्त्यावर तन्वीला तुमच्या शेजारी बसवून देवाचं नाव घ्यायचं? मला तुमचा राग येत होता हो. इतका राग येत होता, आणि तुम्ही आपले गाडीखाली." मग ती रडली. भर पार्किंगमध्ये, डिकीवर हात टेकून. सहा वर्षांत त्या डिकीवर मी कोणाला हात टेकू दिलेला नाही.

तिने पर्समधून देवाच्या डब्यातली चावी काढली, दार उघडलं, बसली. पाय क्लचपर्यंत पोचला, पण खाली दाबला जाईना. सीट हलेना. माझा बोल्ट. इतके दिवस ती उशी पाठीमागे घेऊन टोकावर बसून चालवत होती, आणि आज उशी घरी राहिली होती.

डिकीतून पाने काढले आणि डांबरावर गुडघे टेकले. ऊन डोळ्यांत, सीटखाली काळोख. नट दिसेना. डोळे मिटून घेतले आणि हाताने शोधला. बोटांना सगळं बरोबर कळत होतं. लॉकनट मीच पिळला होता, मरणाचा घट्ट. दोनदा पाना सटकला, बोटाचं सालपट गेलं. सुनीती वरून म्हणत होती, "राहू द्या हो, टॅक्सी करू." म्हटलं, थांब, होतंय. बोल्ट निघाला तेव्हा शर्ट पिळून काढावा इतका भिजला होता.

तिने खटका ओढला. टक, टक, टक, टक. चार.

मग मी पलीकडून जाऊन उजव्या सीटवर बसलो. या गाडीत या बाजूला मी कधी बसलोच नव्हतो. तिने गाडी काढली. एकदाही बंद पडली नाही. तिसऱ्यातून दुसऱ्यात घेताना हलकासा ॲक्सिलरेटर दिला, अगदी जसा द्यायला हवा तसा. हे तिला जीपने शिकवलं असणार.

पहिल्या गतिरोधकावर मला मांडीखाली काहीतरी कचकन टोचलं. दुसऱ्यावर पुन्हा. घरी पोचेपर्यंत मोजून अकरा वेळा.

"सहा वर्षं?" मी विचारलं.

"सांगितलं होतं तुम्हाला," ती म्हणाली.

शनिवार, ७ डिसेंबर

लेझरची तारीख अकरा. हुफूफचं ठरलंय तसंच, वीसला, सुनीती चालवेल. अबू फहदच्या मुलाला सांगितलं तर त्याने बापाला ओरडून सांगितलं आणि मागून म्हातारा म्हणाला, "यल्ला, येऊ दे!"

सकाळी उजवी सीट सोडवली. वरचं लेदर सोललं. खालची स्प्रिंग तुटून तिचं टोक वर आलेलं, बोटभर. त्यावर सुनीतीने मागच्या उसवलेल्या शिवणीतून जुनी ओढणी आठपदरी घडी करून दाबून ठेवली होती. घडीला आरपार भोक. ती नाशिकची ओढणी आहे, तन्वीच्या बारशातली. मी ती झटकून, घडी करून बाजूला ठेवली. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

स्प्रिंग कापली, वळवली, वर फोमची जाड पट्टी लावली. सगळं बोटांनी. बसून, उड्या मारून बघितलं. टोचत नाही. उजव्या सीटवर आता मीच बसणार हे नंतर लक्षात आलं, पण केलं ते बरं केलं. डाव्या सीटच्या रेलवर चौथ्या खाचेपाशी पांढऱ्या रंगाची रेघ मारली, तिला चाचपडावं लागू नये म्हणून. बोल्ट देवाच्या डब्यात टाकला आणि चावी दाराजवळच्या खिळ्याला लावली.

किलोमीटर: सुनीती ड्यूटीवर घेऊन गेलीय. आली की तिला विचारून लिहितो.